ऐकावे जनाचे, पारखावे कानाने

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधून अभ्यासिका उभ्या राहिल्या. कुठे बुद्धविहाराच्या माडीवर, कुठे समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, तर कुठे एखाद्या बांधवाने मोकळ्या करून दिलेल्या गाळ्यात. आधी पुस्तके आली, मग संगणक आले. आणि संगणक आले की हेडफोन येतातच. दहा बाय पंधराच्या खोलीत चार मुले चार वेगवेगळी व्याख्याने ऐकत बसली, तर हेडफोनवाचून एकालाही काही समजायचे नाही. हेडफोनच्या मागोमाग एक प्रश्न येतो. तो आमच्या अभ्यासिकेच्या बैठकीतही आला. हेडफोनमधला आवाज सुधारावा म्हणून संगणकाला वेगळे साउंड कार्ड बसवावे की नाही?

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु अभ्यासिकेचा पैसा म्हणजे घरटी वर्गणीचा पैसा. त्यात नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बांधवाचे वीस रुपये आहेत आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनीचेही वीस रुपये आहेत. दुकानदाराने आम्हाला एका कार्डाची किंमत साडेतीन हजार रुपये सांगितली. चार संगणकांचे झाले चौदा हजार. चौदा हजारांत स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे एक कपाट भरते. आम्ही पडलो कारकून. व्हाउचर पाहिल्याशिवाय आम्हाला खर्च दिसत नाही, आणि कारण समजल्याशिवाय व्हाउचरवर सही करवत नाही.

बैठकीत दोन तट पडले. मुलांचे म्हणणे असे, की हेडफोनमधून सतत खरखर येते, इंग्रजी व्याख्यानातला शब्द धड कळत नाही. नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करणारी एक मुलगी म्हणाली, "भाऊ, एकच वाक्य तीन-तीनदा मागे नेऊन ऐकावं लागतं. तासाच्या धड्याला दोन तास जातात." दुकानदाराने त्यांना सांगितले होते, की कार्ड नसेल तर हेडफोन घेऊन काही उपयोग नाही. दुसऱ्या बाजूला आमचे ज्येष्ठ सभासद. त्यांच्या मते ही निव्वळ चैन. आम्ही रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलो, आमचे काय अडले?

आम्हाला दोन्ही बाजूंत एक गोष्ट सारखी दिसली. मुले दुकानदाराचे ऐकून बोलत होती, ज्येष्ठ आपल्या सवयीने बोलत होते. पारखून कोणीच पाहिले नव्हते. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना जो उपदेश केला, तो आपण सारे जाणतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखा, मग स्वीकारा. धम्मवंदनेत आपण दररोज 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे या आणि पहा. मग हीच कसोटी साडेतीन हजारांच्या वस्तूला का लावू नये? बैठकीत ठराव झाला, की पंधरा दिवस खरेदी थांबवावी आणि आधी माहिती काढावी, मग पारख करावी.

माहिती काढली ती अशी. संगणकात आवाज हा आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचेच उदाहरण घ्या. तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतलेले असते, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेले असते. माणसाचा तरुण, निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. तेवढ्याला हे माप पुरते. हे आकडे पुन्हा विजेच्या लहरीत बदलण्याचे काम एक चिप करते. तिला डॅक म्हणतात. त्यानंतर एक लहानसा अँप्लिफायर त्या लहरीला जोर देतो आणि हेडफोनचा पडदा हलतो. साउंड कार्ड म्हणजे हेच दोन कारागीर, वेगळ्या पाटीवर बसवलेले.

पूर्वी संगणकात हे कारागीर नसत. सुरुवातीच्या संगणकांना फक्त टूं-टूं करणारा स्पीकर असे. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड आले आणि संगणक बोलू-गाऊ लागला. त्या काळी कार्ड नाही तर आवाज नाही, अशीच स्थिती होती. म्हणून कार्डाचा दबदबा निर्माण झाला. पुढे १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ नावाचे मानक आणले आणि २००४ मध्ये त्याहून चांगले एचडी ऑडिओ आणले. आवाजाची चिप थेट मदरबोर्डवर बसू लागली. आज कोणताही संगणक घ्या, ती चिप आतच असते आणि तिची किंमत संगणकाच्या किमतीत आपण मोजलेली असते. कार्डाची गरज बरीचशी ओसरली, पण दबदबा मात्र मागे राहिला.

मग खरखर कशाची? याचे उत्तर शोधताना आम्हाला एक साधी गोष्ट कळली. संगणकाच्या पेटीत वीजपुरवठा, पंखा, डिस्क, ग्राफिक्स असे बरेच काही एकाच वेळी चालू असते. हेडफोन लावायचे पुढचे छिद्र मदरबोर्डला एका लांब वायरने जोडलेले असते. ती वायर या गर्दीतून येते आणि वाटेतला गोंगाट उचलते. माउस हलवला की हेडफोनमध्ये किरकिर, फाइल उघडली की चिरचिर, हे त्याचे लक्षण. म्हणजे दोष बहुतेक वेळा चिपचा नसतो, वाटेचा असतो. यावर पहिला उपाय फुकटचा आहे. हेडफोन पुढून काढून पाठीमागच्या हिरव्या छिद्रात लावावा. दुसराही फुकटचाच. आवाजाच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनचा आवाज परत ऐकवण्याची सोय चालू असेल तर ती बंद करावी, आणि आवाज 'सुधारणारे' जे इफेक्ट असतात तेही बंद करून पाहावेत.

आमच्या चारपैकी तीन संगणकांची खरखर एवढ्यानेच गेली. एकाची राहिली. त्याच्या पाठीमागच्या छिद्रातूनही सूं असा आवाज येतच होता. तेव्हा पारख करायची ती आता खरी.

पारखायची रीतही आम्ही नीट ठरवली, कारण कान फार लवकर फसतो. नवी, महाग वस्तू डोळ्यांना दिसली की ती कानालाही गोड लागते. शिवाय दोन आवाजांत जो किंचित मोठा, तोच माणसाला अधिक स्वच्छ वाटतो. दुकानात कार्ड दाखवताना आवाज थोडा वाढवून ठेवला की गिऱ्हाइकाचा निम्मा निकाल तिथेच लागतो. म्हणून आम्ही दोन पथ्ये ठेवली. पहिले, दोन्हींचा आवाज शक्य तितका सारखा ठेवायचा. त्यासाठी हेडफोनच्या वाटीशी मोबाइल धरून आवाज मोजणाऱ्या ॲपवर आकडा जुळवला. दुसरे, ऐकणाऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचे. वायर बदलणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही आणि प्रत्येक खेपेला नाणे उडवून ठरवायचे, की कार्ड लावायचे की संगणकाचे स्वतःचे छिद्र. ऐकणाऱ्याने फक्त 'पहिले' किंवा 'दुसरे' एवढेच सांगायचे. अशा दहा खेपा.

दहाच का, हा प्रश्न बी.कॉम.ला शिकलेल्या आकडेमोडीचा. ज्याला काहीच फरक कळत नाही तोही अंदाजाने दहापैकी पाच बरोबर सांगेल. सहा-सातही सहज जमतील. पण नऊ किंवा दहा निव्वळ नशिबाने जमण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात जेमतेम एक. तेव्हा नऊ जमले तर फरक खरा मानायचा, असे आधीच लिहून ठेवले. निकाल पाहून नियम ठरवायचा नाही, नियम ठरवून निकाल पाहायचा.

एका बांधवाच्या पुतण्याकडून कार्ड आठ दिवसांसाठी उसने आणले. एका रविवारी सकाळी वंदना आटोपल्यावर पाच मुले आळीपाळीने बसली. ज्या संगणकांची खरखर गेली होती, त्यांच्यावर एकालाही नऊ खेपा बरोबर सांगता आल्या नाहीत. दुकानदाराचे म्हणणे उचलून धरणारा मुलगा तर हसून म्हणाला, "भाऊ, मी नुसताच ठोकतोय." पण सूं आवाज येणाऱ्या चौथ्या संगणकावर पाचही जणांनी दहाच्या दहा खेपा ओळखल्या. त्या नर्सिंगवाल्या मुलीला तर वायर बसल्याबरोबर कळत होते. इंग्रजीतले स, फ, थ यांसारखे वर्ण मुळातच बारीक आवाजाचे असतात. सूंकार त्यांनाच आधी गिळतो आणि मग शब्द कळत नाही. तिची तक्रार खोटी नव्हती. तिच्या दोन तासांचा हिशेब त्या सूंकारात होता.

आमच्या या घरगुती चाचणीला कोणी शास्त्र म्हणू नये. पण अशाच रीतीची मोठी चाचणी अमेरिकेत ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान या दोघांनी केली होती, आणि ती २००७ साली ध्वनी-अभियंत्यांच्या नियतकालिकात छापून आली. त्यांचा प्रश्न कार्डाचा नव्हता. सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या, महागड्या तबकड्यांचा आवाज सीडीच्या दर्जावर उतरवला, तर ऐकणाऱ्याला ते कळते का, हा होता. उत्तम यंत्रसामग्रीवर ५५४ खेपा झाल्या. बरोबर उत्तरे आली ४९.८ टक्के, म्हणजे नाणे उडवल्यासारखीच. जाणकारांच्या कानाची ही गत, तर मोबाइलवर उतरवलेल्या व्याख्यानाला आणखी महाग चिप लावून काय मिळणार?

तेव्हा कार्ड कधी घ्यावे आणि कधी घेऊ नये, हे वाचक बंधू-भगिनींनी थोडक्यात ध्यानात ठेवावे. फुकटचे उपाय करूनही खरखर जात नसेल, तर घ्यावे. पण तेही पेटीच्या आत बसवायचे नव्हे, बाहेरून यूएसबीला लावायचे. ते आतल्या गोंगाटापासून दूर राहते, काढून दुसऱ्या संगणकाला लावता येते, आणि लॅपटॉपला तर आतले कार्ड बसतच नाही. साधे यूएसबी उपकरण आतल्या कार्डापेक्षा बरेच स्वस्तही मिळते. दुसरे, संगणकाचे छिद्रच बिघडले असेल तर घ्यावे. तिसरे, हेडफोनच्या खोक्यावर ओहमचा आकडा पाहावा. आपल्या घरात येणारे हेडफोन बहुधा १६ ते ३२ ओहमचे असतात. ते संगणकाच्या जोरावर सहज वाजतात. स्टुडिओत वापरायचे काही हेडफोन २५०, ३०० किंवा ६०० ओहमचे असतात. त्यांना जास्त जोर लागतो आणि तिथे वेगळा अँप्लिफायर कामास येतो. ज्यांचे हेडफोन ब्लूटूथचे आहेत, त्यांनी तर कार्डाचा विचारच सोडावा. ब्लूटूथमध्ये आकड्यांचे लहरीत रूपांतर हेडफोनच्या पोटातच होते. संगणकात सोन्याचे कार्ड बसवले तरी त्याचा तिथे संबंध येत नाही. यूएसबीची पिन असलेल्या हेडफोनचेही तेच.

आणि सर्वांत आधी हेडफोनकडे पाहावे. आमच्याकडचे दोन हेडफोन इतके झिजले होते, की एका कानाची गादी निघून पुठ्ठा टोचत होता. त्याला साडेतीन हजारांचे कार्ड म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आवाजातला जो फरक कोणालाही, डोळे मिटूनही ओळखता येतो, तो एका हेडफोनपासून दुसऱ्या हेडफोनपर्यंतचा असतो. चिपपासून चिपपर्यंतचा फार क्वचित.

आता एक गोष्ट आयाबहिणींसाठी मुद्दाम लिहितो. कार्ड किंवा अँप्लिफायर लावला की आवाज 'चांगला' झाला असे मूल म्हणते, तेव्हा पुष्कळदा आवाज नुसता मोठा झालेला असतो. आमचे आजोबा मुंबईत गिरणीत रिंग खात्यात होते. साचेखात्यात मजुरी जास्त, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ होई. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न धसास लावला होता. रिंग खात्यातल्या खडखडाटाने आजोबांचे कान गेले. घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत आणि ते नुसते हसत. तो आवाज त्यांनी पोटासाठी सोसला. आपल्या पोरांनी तो हौसेने का सोसावा? जागतिक आरोग्य संघटनेचे माप असे आहे, की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्म्यावर आणायचा. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी मेल्या, त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आमच्या अभ्यासिकेत आवाजाची पट्टी कुठवर न्यायची तिथे लाल खूण केली आहे, आणि तासाभराने दहा मिनिटे हेडफोन खुंटीला टांगायचा असा नियम आहे.

एवढे झाल्यावर चौथ्या संगणकासाठी एक स्वस्त यूएसबी उपकरण घ्यावे आणि विषय मिटवावा, असे ठरत होते. तेवढ्यात विहारातल्या कॅसेटींचा विषय निघाला. आमच्या वस्तीत एक गायन पार्टी होती. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, लग्नाच्या आदल्या रात्री त्यांचे भीमगीतांचे कार्यक्रम होत. त्यांचे ध्वनिमुद्रण कोणत्याही कंपनीने केले नाही. वस्तीतल्याच कोणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून ते केले. अशा तीस कॅसेटी कपाटात आहेत. गाणाऱ्यांपैकी आज कोणी हयात नाही. पेटी वाजवणाऱ्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे मावशी म्हणतो, बैठकीत सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "त्यांचा फोटो हाय घरात. आवाज तेवढा त्या पट्टीतच हाय."

येथे मात्र हिशेब बदलतो. ऐकताना खरखर आली तर उद्या दुसरे उपकरण लावून ती घालवता येते. उतरवताना खरखर आत गेली तर ती त्या गाण्यात कायमची राहते. आणि कॅसेटीची पट्टी दर वेळी वाजताना थोडी झिजते, एखादी मध्येच अडकून तुटते; पुन्हा पुन्हा उतरवण्याची संधी ती देईलच असे नाही. लॅपटॉपच्या एकुलत्या छिद्रातून आत जाणारी वाट बहुधा मायक्रोफोनपुरतीच असते. आमच्या संगणकांना पाठीमागे निळे लाइन-इन छिद्र आहे. तिथे टेप जोडून, पण न वाजवता, एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करून ऐकली. शांततेत पंखा घोंघावत होता.

म्हणून शेवटी असा ठराव झाला. चार कार्डांचे चौदा हजार नामंजूर. त्याऐवजी चार मजबूत, वायरचे, ३२ ओहमचे हेडफोन घ्यावेत. आणि एकच यूएसबी उपकरण घ्यावे, पण ते स्टीरिओ लाइन-इन असलेले, म्हणजे त्याच्यातून आवाज आतही घेता येईल. दिवसा ते चौथ्या संगणकाला लावायचे, रात्री कॅसेटींना. सारे मिळून खर्च सहा हजारांच्या आत बसला. उरलेल्या आठ हजारांची पुस्तके घेतली. ठरावाला सूचक त्या नर्सिंगवाल्या मुलीचे वडील आणि अनुमोदक रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलेले तेच ज्येष्ठ सभासद.

कॅसेटी उतरवण्याचे काम आता चालू आहे. ज्यांच्याकडे अशा कॅसेटी असतील त्यांच्यासाठी रीत सांगतो. आधी टेपच्या हेडवरचा मळ शुद्ध स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावा. कॅसेट एकदा शेवटापर्यंत नेऊन परत गुंडाळावी, म्हणजे चिकटलेले पट्टे सुटतात. ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात मुद्रण करावे. आवाजाची सुई लाल रेघेला लागू देऊ नये. आणि मूळ मुद्रण एमपी-थ्री करून दाबू नये. आधी पूर्ण ठेवावे, वाटायला प्रत वेगळी काढावी. सीडीच्या मापाने साठ मिनिटांच्या एका कॅसेटीला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. तीस कॅसेटी म्हणजे एकोणीस जीबी. बत्तीस जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये सारी गायन पार्टी मावते. असे दोन पेन ड्राइव्ह करून दोन वेगळ्या घरांत ठेवावेत. आग लागली, पाणी शिरले, तरी एक उरेल.

पहिली उतरली ती मावशींच्या यजमानांची पेटी असलेली कॅसेट. मावशींनी नवा हेडफोन कानाला लावला आणि पाच-सात मिनिटे काही बोलल्या नाहीत. मग एक वाटी बाजूला सारून म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्याला भाता चुकायचा त्यांचा. चुकलाय बघा."

आसपासच्या वस्त्यांतील ज्या मंडळांकडे असे ध्वनिमुद्रण पडून असेल त्यांनी ते कपाटात कुजू देऊ नये. आपल्या कवी-गायकांचा आवाज जपण्यासाठी साडेतीन हजारांची चार कार्डे लागत नाहीत. एक उपकरण पाच वस्त्यांना पुरते; आज तुमच्याकडे, पुढच्या महिन्यात आमच्याकडे. फक्त घेण्यापूर्वी ते लावून पाहा, भिंतीकडे तोंड करून ऐका, आणि मग व्हाउचरवर सही करा.

जयभीम!